बियाचा दुधी

दसऱ्याला सगळे जमू तेव्हा ऋतिकाचं काय ते ठरवू, असं मुलगा कपिल फोनवर म्हणाला होता, आणि तेव्हापासून चंद्रभागेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ठरवू म्हणे! ठरवायचं काय राहिलं होतं त्यात? पोरीला शेलूला आईबापाकडे न्यायचंच होतं. ते म्हाताऱ्याला सांगायचं कुणी, एवढाच काय तो प्रश्न होता.

कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या महिन्यात कमळाकर नातीला शाळेतून आणायला म्हणून निघाला आणि शाळेत न जाता कर्जतच्या एसटी स्टँडवर जाऊन बसला. पोर शाळेच्या ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन वाट बघत राहिली. दिवेलागण झाली तशी बाईंनी तिच्या आईला, मेघाला फोन केला. मेघा कल्याणला दवाखान्यात कामावर, तिने नवऱ्याला फोन लावला. कपिल साजगावच्या कंपनीत शिफ्टवर, त्याने बहिणीला लावला, आणि दहिवलीहून उज्वला रिक्षा करून धावत आली तेव्हा कुठे पोर घराला लागली. म्हातारा त्यानंतर सापडला. "गाडी आली नाय अजून," एवढंच म्हणाला. कुठली गाडी, कुठे जायची, कुणी विचारलं नाही.

मग डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी कपिलला बाजूला घेऊन सांगितलं. कमळाकरला सांगितलं, अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या. जन्मभर रेल्वेत गँगमन म्हणून घण उचललेला माणूस, आणि त्याला म्हणे अशक्तपणा! पण त्याने मुकाट ऐकून घेतलं.

मेघा त्याच आठवड्यात पोरीला नेणार होती. आडवी आली ती उज्वला. "एकदा चुकले म्हणून लगेच काय, वहिनी? तुम्ही दोघं नोकरीला, म्हणून तान्ही असल्यापासून तिला अण्णांनी वाढवली. ती गेली तर ते जगतील का? मी येत जाईन ना अधूनमधून. दसऱ्याला या, बघा कसे आहेत, मग ठरवा." उज्वला कमळाकरची लाडाची लेक, तिच्या जिभेपुढे घरात कुणाचं चालत नाही. मेघा थांबली. पण दसऱ्याच्या सकाळी ती आली ती पोरीचे कपडे भरायची मोठी बॅग घेऊनच आली, आणि ती बॅग तिने दाराआड अशी ठेवली की कुणाच्या नजरेला पडू नये. पडली मात्र सगळ्यांच्या नजरेला.

ऋतिकाच्याही. मोठी माणसं बोलतात तेव्हा पोरं झोपलेली असतात, हा मोठ्या माणसांचा भ्रम. पहिलीतली पोर, पण तिने सगळं ऐकलं होतं. आजोबा विसरले तर मला नेणार. नाही विसरले तर नाही नेणार. एवढं सोपं होतं ते. म्हणून ती महिनाभर आजोबांच्या पायात पायात फिरत होती. चष्मा कुठे, गोळी घेतली का, आज वार कोणता. वार चुकला की हळूच कानात सांगायची.

"ऋतू, चल गं," कमळाकरने परसातून हाक मारली. "भाजी काढायची हाय. सगळी जेवायला हायत आज."

अंगात जुनी खिशाची बंडी, कमरेला कोयती, हातात पाटी. विहारात वंदनेला जायचं ते अंघोळ करून, पांढरा सदरा घालून. त्याच्या आधी परसातलं काम. इतकी वर्षं दसऱ्याचं जेवण परसातल्याच भाजीचं असतं, त्या दिवशी बाजाराची भाजी या घरात शिजत नाही.

भेंडीपासून सुरुवात झाली. ऋतिका शेंडा वाकवून बघायची. पटकन मोडला तर तोडायची, वाकलाच तर सोडून द्यायची.

"ही जून आहे आजोबा."

"मंग राहू दे तिला. म्हातारीला कोण खातंय?"

"तुम्ही पण म्हातारे आहात."

"म्हणून तर मला कुणी खात नाय," कमळाकर म्हणाला, आणि दोघंही हसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेघाने ते हसू ऐकलं.

मग शिराळी काढली, मिरच्या काढल्या, अळूची पानं देठासकट कापली. पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकाला दगड बांधलेले होते. पडवळ आजोबांनी उतरवायचं आणि दगड ऋतिकाने सोडवायचा, ही वाटणी ठरलेली. सोडवलेले दगड ती कुंपणाला ओळीने मांडून ठेवायची. पुढल्या वर्षी तेच लागतात.

दुध्याच्या मांडवाखाली आल्यावर कमळाकर थांबला. यंदा मांडवावर वेल एकच होता. बाकीचे आळ्यात पाणी साचून कुजले. खरं तर बी मुबलक होतं, पण ज्येष्ठात कमळाकरने एकदा पेरलं, आणि पेरलंय हे विसरून त्याच आळ्यांत पुन्हा पेरलं. राखेत बी जपायचा डबा रिकामा झाला. चंद्रभागेला ते कळलं तेव्हा तिने डबा धुऊन पालथा घातला आणि कुणाला बोलली नाही.

त्या एका वेलाला एक दुधी बियाला राखलेला. त्याच्या देठाला निळी चिंधी बांधलेली. चिंधी असली की हात लावायचा नाही. देठ सुकून काळा पडेस्तोवर, आतलं बी वाजेस्तोवर वेलावरच ठेवायचा. ती चिंधी कमळाकरच्या आईच्या, धोंडूबाईच्या लुगड्याची होती. दरवर्षी तीच बांधायची, दुधी उतरवला की तीच सोडवून जपायची.

"का गं राखायचा हा?" कमळाकरने विचारलं. हे तो दर खेपेला विचारायचा.

"बी मागायला कुणाच्या दारात जायचं नाही म्हणून," ऋतिकाने घडाघडा म्हटलं.

"कोण बोल्लं?"

"पणजी बोलली. धोंडूबाई."

छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, तेव्हा गावाने वस्तीला दारं बंद केली. दुकानात मीठ नाही, शेतावर काम नाही, कुणी मूठभर बीसुद्धा देईना. धोंडूबाईने माहेराहून एक वाळका दुधी डोक्यावरून आणला, त्याचं बी लावलं, आणि त्या वर्षापासून एक दुधी राखायला लागली. कमळाकर तेव्हा आईच्या कडेवर होता. हे सगळं ऋतिकाला पाठ होतं, तिला पाढे पाठ नव्हते एवढं ते पाठ होतं.

कमळाकरने हात वर केला, दुध्यावर थाप मारली आणि कान लावला.

"वाजतोय," तो म्हणाला. "तयार झाला. उतरवू या."

ऋतिकाने वर बघितलं. दुधी हिरवागार. अंगावरची लव अजून गेली नव्हती.

"आजोबा, हिरवा आहे तो."

"सुकलाय. तुला काय कळतंय? माघ लागला."

माघ म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, पण आज दसरा आहे हे माहीत होतं. देठ काळा पडतो तेव्हा थंडी असते, शेकोटी असते, हेही. तिने बंडीचं टोक धरलं.

"आजीला विचारून येऊ का?"

"आजीला काय इचारायचं? माझ्या आयेचा येल हाय हा."

त्याने दोन्ही हात वर करून चिंधीची गाठ नखाने हळूहळू सोडवली. ओढली नाही, फाडली नाही. तिची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. मग कोयती काढली आणि देठ एका घावात तोडला. देठातून पाणी ठिबकलं.

कमळाकरने दुधी पाटीत ठेवला, कोयती पुसली, आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "पडवळाचे दगड काढलेस का गं?"

"काढले आजोबा."

"शाणी माझी."

विसरले. तिथल्या तिथे विसरले. ऋतिकाने अळूची पानं उचलून दुध्यावर पसरली, एक, दोन, सगळी. पण दुधी मोठा होता. त्याचं बूड बाहेर राहिलंच.

*

स्वयंपाकघरात तीन बायकांची तीन तोंडं तीन दिशांना होती. चंद्रभागा चुलीपुढे, उज्वला कणीक मळत, मेघा खिडकीपाशी कांदा चिरत. मग मेघाच बोलली.

"आई, ते पाळणाघर आहे ना आमच्या बिल्डिंगमधलं, त्यांच्याकडे आत्ता जागा नाहीये. दिवाळीनंतर बघू म्हणाल्या."

चंद्रभागेने मान वर केली नाही. वर केली असती तर डोळे दिसले असते.

"मग?" उज्वलाने विचारलं.

"मग काही नाही. बरे वाटतायत अण्णा आज. मघापासून ऐकतेय मी. व्यवस्थित शिकवतायत तिला, हसतायत." मेघाने सुरी खाली ठेवली. "मलाही आवडत नाही हो ताई, तिला ओढून न्यायला. पण त्या दिवशी शाळेतून फोन आला ना, तेव्हा मी कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर खाली बसले होते. पायच गेले माझे. तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी दुष्ट आहे."

"कोण म्हंतंय तसं?" चंद्रभागा म्हणाली. "तू आई हायस. तुझी पोर हाय."

"दिवाळीपर्यंत राहू दे मग," मेघा म्हणाली. "यांना मी सांगते."

उज्वलाने कणकेच्या हातानेच भावजयीच्या गळ्यात हात टाकला. मेघा हसली, "अहो साडी!" म्हणाली. घरात महिनाभर दाटलेलं काहीतरी जरा हललं. तेवढ्यात ऋतिका पाटी ओढत आत आली, आणि चंद्रभागेने सवयीने वरची अळूची पानं उचलून बाजूला ठेवली.

"अगं बाई!"

एवढंच निघालं तिच्या तोंडून. तिने दुधी दोन्ही हातांत उचलला. देठाचा चीक अजून ओला होता. देठावर चिंधी नव्हती, पण चिंधी बांधून बांधून पडलेली खाच होती.

"बियाचा तोडला? कुणी तोडला हा?"

कमळाकर अंघोळ करून सदऱ्याची बटणं लावत आत आला. ओटीवरून कपिलही आला. कमळाकरने बायकोच्या हातातला दुधी बघितला आणि त्याचा चेहरा पांढरा झाला.

"कुणी तोडला?" त्यानेही तेच विचारलं.

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या. मेघाची आधी गेली. ऋतिकाने ते बघितलं. आईचे डोळे आजोबांवर गेले की काय होतं ते तिला माहीत होतं. दाराआडची बॅग माहीत होती.

"मी तोडला," ती म्हणाली.

"तू?"

"हो. मीच तोडला. मला पाहिजे होता."

मेघाचा हात सुटला. चटकन वाजलं. ऋतिका रडली नाही, गालावर हात ठेवून उभी राहिली. घरात तिला आजवर कुणी मारलं नव्हतं, आणि मारलं तर आजोबा मधे पडतील असं तिला वाटायचं. तिने आजोबांकडे बघितलं.

आजोबा मधे पडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे पोर नव्हतीच. त्यांना लुगड्याचा ओचा आवरून मांडवाखाली उभी असलेली आई दिसत होती, तिचे चिखलाचे पाय दिसत होते. अलीकडे कालचं काही आठवत नसे, पण ते पाय लख्ख आठवत. तिला आता काय सांगायचं? घरात दुसरं बी नाही. कुठल्या तरी दारात जाऊन ओंजळ पसरायची.

"किती येळा सांगितलं व्हतं तुला," कमळाकर म्हणाला. आवाज मोठा नव्हता, कापत होता. "चिंधीला हात लावायचा नाय म्हणून. किती येळा? मी तुला शिकवलं. तुला, दुसऱ्या कुणाला नाय. आन तू माझ्या आयेचं बी बुडवलंस?"

"अण्णा, पोर आहे हो," उज्वला म्हणाली.

"पोर हाय तर आईबापाजवळ राहू दे. मला नको. कपिल, घेऊन जा हिला. आजच्या आज घेऊन जा. माझ्या परसात नको मला ही."

चुलीवरचं पाणी उतू गेलं, ते कुणी उतरवलं नाही.

कपिल दारात उभा होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याही आधी त्याला सुटल्यासारखं झालं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. आता अण्णांना काही सांगावं लागणार नव्हतं. तुम्ही विसरता, तुमच्यावर पोर सोपवता येत नाही, हे बापाच्या तोंडावर म्हणायचं म्हणून तो रात्रभर कूस बदलत होता. आता अण्णा आपणच म्हणाले, घेऊन जा.

"ठीक आहे अण्णा," तो म्हणाला. "नेतो."

*

सगळे विहारात गेले. चंद्रभागा म्हणाली, माझा गुडघा दुखतोय, मी राहते. ऋतिकाला मेघाने शिक्षा म्हणून घरीच ठेवलं. ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

चंद्रभागा परसात गेली. मांडवाखाली उभी राहून तिने वेलावरचं देठाचं खोडकं शोधलं. कोयतीचा घाव, एका रेषेत, स्वच्छ. पोरीने तोडला असता तर पिळून तोडला असता, वेल खाली आला असता. आणि हात कुठून पोचला असता तिचा? चंद्रभागेने स्वतःचा हात वर करून बघितला. टाचा उचलल्या तेव्हा बोटं टेकली. कोयती तर हा माणूस कुणाच्या हातात देत नाही. तिने खाली शोधलं, मांडवावर शोधलं. चिंधी नव्हती. फाटका दोरासुद्धा नव्हता.

ती तिथेच खाली बसली. आपण महिनाभर नवऱ्याच्या चुका पदराखाली झाकत होतो आणि आपल्याबरोबर एवढीशी पोरही झाकत होती, हे तिला आत्ता कळलं.

"आजी."

ऋतिका मागे येऊन उभी राहिली होती. गालावर बोटं उठली होती.

"ये. बस इथं." चंद्रभागेने तिला मांडीत ओढलं. "खोटं का बोल्लीस गं?"

"मी तोडला."

"ऋतू."

मग हुंदका आला, मोठा, सगळं अंग हलवणारा. "त्यांना वाटलं माघ आहे. मी सांगितलं हिरवा आहे म्हणून. आजी, तू सांगू नको ना. आईला सांगू नको. मग ती मला नेईल."

"आता बी नेणारच हायत, बाय माझी."

"मग आजोबांना तरी सांगू नको. ते मला बोलले ना, ते त्यांना कळलं तर ते रडतील."

सांगितलं तर पोरीवरचा आळ जाईल, पण पोर जाईलच. वर म्हाताऱ्याला कळेल, आईचं बी आपणच बुडवलं, आणि त्यापायी नातीला आपणच हाकललं. ते घेऊन तो कसा जगेल? नाही सांगितलं तर ही एवढीशी पोर चोर ठरून जाणार. दोन्हीकडून आपलंच माणूस. तिने पोरीचं तोंड पदराने पुसलं आणि पुसतच राहिली.

"नाय सांगत," ती शेवटी म्हणाली, आणि त्या दोन शब्दांसाठी तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुपारी दुधी शिजला. तोडलेला टाकायचा कसा? साल जून, आतलं बी कोवळं, पांढरं, पचपचीत. चंद्रभागेने ते बी वेगळं काढून सुपात वाळत घातलं. उगवणार नाही हे तिला माहीत होतं. पंगत बसली. सहा माणसांच्या पंगतीत नुसते चावल्याचे आवाज. उज्वलाने एकदा "भाजी छान झालीय" म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली. ऋतिकाने दुध्याला हात लावला नाही, कमळाकरनेही नाही. आजोबा आणि नात एकमेकांसमोर बसली होती आणि दोघांच्या ताटात भाजी तशीच होती.

निघताना उज्वलाने मेघाला अंगणात गाठलं. "दिवाळीपर्यंत ठेवते म्हणाला होतात."

"अण्णाच नको म्हणाले, ताई. मी काय करू?" मेघाचे डोळे भरले होते. "आणि खरं सांगू? खोडसाळपणा हिच्यात कुठून आला? शिस्त कोण लावणार इथे?"

उज्वलाने आईकडे बघितलं. आई काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. चंद्रभागा बॅगेची चेन लागत नव्हती ती लावत होती.

"आजोबांच्या पाया पड," कपिल म्हणाला.

ऋतिकाने वाकून नमस्कार केला. कमळाकरने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. तो खांबाकडे बघत होता. रिक्षात बसल्यावर ऋतिका मागच्या फटीतून बघत राहिली, रिक्षा वळेपर्यंत.

*

संध्याकाळी उज्वलाही दहिवलीला गेली. घर एकदम मोठं झालं. कमळाकरने सदरा काढून खुंटीला लावला आणि सकाळची बंडी अंगात चढवली. विडी काढायला म्हणून खिशात हात घातला, तो हात बाहेर आला चिंधी घेऊन.

चंद्रभागा दिव्याची काच पुसत होती. लाइट गेली होती. तिचा हात थांबला. बंडी आपण धुवायला टाकायला हवी होती! दिवसभर डोक्यात एवढं चाललं होतं, आणि नेमकं हेच कसं सुचलं नाही?

कमळाकरने चिंधीची घडी उलगडली. पुन्हा घातली. पुन्हा उलगडली. गाठीच्या जागी कापड चुरगळलेलं होतं, तिथे अंगठा फिरवला. मग स्वतःच्या नखांकडे बघितलं. नखांच्या कडांना अंघोळीनंतरही हिरवा चीक चिकटून होता.

"अगं," तो म्हणाला.

"काय?"

"ही माझ्या खिशात कशी?"

"असंल. कवाची तरी."

"कवाची नाय. ही सोडवल्याशिवाय खिशात येत नाय." त्याने चिंधी दिव्याजवळ धरली. "मी तोडला. व्हय ना? मी तोडला आन पोरीनं माझ्या देखत आपल्यावर घेतलं. तिच्या आईनं मारलं तिला. आन मी... मी काय बोल्लो गं तिला?"

चंद्रभागेला खोटं बोलवलं नाही.

"जा म्हणालात," ती म्हणाली.

कमळाकर मटकन खाली बसला. रडला नाही. चिंधी मुठीत धरून पुढेमागे झुलत राहिला. मग एकदम म्हणाला, "फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव. तिला सांगू दे मला. लाव लवकर, नायतर जाईल."

"काय जाईल?"

"माझ्या डोक्यातनं जाईल, लाव!"

मोबाइल सापडेना, चुलीमागच्या फळीवर होता. तो सापडला तर रेंज येईना. ती अंगणात गेली, कुंपणापाशी पडवळाच्या दगडांजवळ उभी राहिली तेव्हा रेंज आली. कपिलचा फोन लागेना, मग मेघाला लावला. वाजत राहिला. "ये लवकर, लागतोय," तिने हाक मारली. कमळाकर चिंधी घेऊन बाहेर आला आणि तिच्याजवळ उभा राहिला. मेघाने उचलला. "आई? पोचलो आम्ही, आत्ताच."

"ऋतूला दे जरा. तिचा आजा बोलतोय."

मेघाने पोरीला हाक मारली. मग पोरीचा आवाज आला, लांबून, टीव्हीच्या आवाजातून. "आजोबा?"

चंद्रभागेने फोन नवऱ्याच्या कानाला लावला. आता सांगेल. आता पोरीचा आळ जाईल. तिने डोळे मिटून घेतले.

"कोण, ऋतू?" कमळाकर म्हणाला. आवाज खुशीत आला होता. "कुठं गेलीस गं तू? कवापासनं हाक मारतोय मी."

चंद्रभागेने डोळे उघडले. कमळाकरच्या एका हातात चिंधी होती आणि तो मांडवाकडे बघत होता.

"आईकडे आलेय आजोबा," ऋतिका म्हणाली. "शेलूला."

"बरं, बरं. लवकर ये पण. यंदा दुधी नामी धरलाय बघ. मी चिंधी काढून ठेवलीय बांधायला. माघात उतरवू. तू आन मी."

फोनमधून काही ऐकू येईना. नुसता टीव्ही. चंद्रभागेला वाटलं पोरीने ठेवला, पण तिने ठेवला नव्हता.

"हो आजोबा," ऋतिका म्हणाली. "येते मी. पण मी आल्याशिवाय तोडू नका हं."